बेगमीची वही: दोन घरं, दहा दिवस

3 मार्च 2024, रविवार

आजपासून ही वही सुरू. काम एकच आहे. पावसाळ्याच्या आत आमचं घर आणि शेजारच्या आजी-आजोबांचं घर असं तयार करायचं, की दहा दिवस बाहेरून काहीही आलं नाही तरी कुणाचं औषध, पाणी किंवा जेवण अडू नये.

दहा दिवस हा आकडा ऑगस्ट 2019 ने शिकवलेला. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत, चढावर राहतो. आमच्या उंबऱ्याला पुराचं पाणी शिवलंही नाही. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 43), बालिंगा-शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहरातले नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याकडून येणारा माल थांबला. दुधाची गाडी नाही, पेट्रोलला रांगा. बाहेर मुसळधार पाऊस आणि मोरीत पालथा हंडा, असं ते दृश्य होतं.

त्यात चौथ्या दिवशी सासूबाईंच्या इन्सुलिनच्या पेनात सहा युनिटं उरली. त्यांना रोज सकाळी अठरा आणि रात्री दहा लागतात. हे छत्री घेऊन चालत आठ मेडिकल फिरले. नवव्या दुकानात पेनाची काडतुसं नव्हतीच, बाटली होती. आईंच्या डॉक्टरांना फोन लागला म्हणून बरं झालं. त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "सिरिंज कुठली आहे ती सांगा." पेनातलं इन्सुलिन मिलिलिटरला 100 युनिटं असतं, बाटलीतलं आपल्याकडे बहुतेक 40. बाटली 40 ची असेल तर सिरिंजही 40 चीच हवी, लाल टोपणाची. आमच्या कपाटात नारिंगी टोपणाची 100 ची पडून होती. तिच्या रेघा बघून अठरा भरलं असतं तर आईंच्या अंगात जेमतेम सात युनिटं गेली असती. उलटी चूक झाली असती, म्हणजे 100 चं औषध 40 च्या सिरिंजनं, तर अडीचपट गेलं असतं. त्या रात्री मी झोपले नाही.

धान्याचे डबे मात्र त्या आठवड्यात भरलेले होते. उन्हाळ्याची बेगमी आपल्याकडे आजीच्या आजीपासून चालत आलेली आहे, तिनं आम्हाला उपाशी ठेवलं नाही. अडलं ते औषध, पाणी आणि पीठ. म्हणून या वहीत डाळ-तांदूळ कमी आणि बाकीचं जास्त येणार.

9 मार्च, शनिवार

आठवडाभर फक्त मोजलं. घरात आम्ही पाच: आई, हे, मी, थोरली कॉलेजात, धाकटा नववीत. स्वयंपाकघराच्या भिंतीला कागद लावला आणि जो जे काढेल त्यानं लिहायचं, एवढाच नियम. धाकट्यानं सगळ्यात नेटानं लिहिलं.

रोजचा हिशेब असा आला: तांदूळ अर्धा किलो, ज्वारीचं पीठ सहाशे ग्रॅम, कणीक चारशे, डाळी मिळून पाव किलो, तेल शंभर मिली, दूध दीड लिटर. यात काही नवल वाटलं नाही.

पाण्यानं डोळे उघडले. पिणं आणि स्वयंपाक धरून बावीस लिटर. भांडी चाळीस. आंघोळी नव्वद. कमोडची टाकी एका वेळी नऊ लिटर ओतते, ती दिवसाला बावीस-तेवीस वेळा ओढली गेली, म्हणजे दोनशे लिटर. धुणं धरून साडेचारशेच्या पुढे गेलो, त्यातलं जवळजवळ निम्मं संडासात. 2019 ला आम्ही पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या शोधत फिरत होतो. खरं तर संडासाला बादलीनं पाणी टाकायचं एवढं ठरवलं असतं तर गच्चीवरची टाकी आणखी तीन दिवस पुरली असती.

टंचाईच्या दिवसांचा ठरवलेला हिशेब: माणशी पंधरा लिटर, त्यातलं तीन पिण्या-शिजवण्याचं. पाच जणांचं दिवसाला पंचाहत्तर. दहा दिवसांचे साडेसातशे. गच्चीवरची टाकी पाचशेची आहे. अडीचशे लिटरची सोय करायची.

17 मार्च, रविवार

औषधांचं कपाट जमिनीवर ओतलं. तेवीस पट्ट्या निघाल्या, त्यातल्या नऊ मुदत संपलेल्या. तीन सर्दीच्या सिरपच्या बाटल्या अर्ध्या वापरून चिकट झालेल्या. धाकटा पाच वर्षांचा असतानाचं औषध अजून होतं. मुदत संपलेल्या गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवल्या, पिशवीत बांधून कचऱ्यात दिल्या. पट्टीसकट टाकलं तर कुणीतरी उचलतं.

मग आईंच्या डॉक्टरांकडे गेले. मागणं एकच होतं: महिन्याऐवजी दोन महिन्यांची चिठ्ठी लिहून द्या. त्यांनी लगेच दिली. आईंचं इन्सुलिन, मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी, माझी थायरॉइडची, सगळ्यांना नियम आता एकच: घरात तीस दिवसांचं उरलं की नवं आणायचं, संपल्यावर नाही. दुसऱ्या महिन्याच्या साठ्यातले रक्तदाब आणि थायरॉइडचे भाग जनऔषधी केंद्रातून घेतले. तिथे ब्रँडचं नाव नसतं, औषधाचं असतं, म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मात्रा मराठीत लिहून घेतली. पुढच्या वेळी आपला ब्रँड कुठे मिळाला नाही तर मूळ नाव सांगून विचारता येईल. 2019 ला हे आठ दुकानांत "त्या हिरव्या पेनाचं" एवढंच सांगत फिरले होते.

अँटिबायोटिकची एक पट्टी घरात असावी असं माझ्या मनात होतं. डॉक्टर म्हणाल्या, "मुळीच नको. तुम्ही ती व्हायरल तापात घ्याल आणि खरी गरज पडेल तेव्हा ती चालणार नाही." लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) विचारलं. पुराच्या पाण्यातून चालून आलं, पायाला जखम असेल, तर त्याच दिवशी येऊन सांगायचं, प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही ते त्या ठरवतील. आणखी एक त्यांनी वहीत अधोरेखित करून लिहायला लावलं: पावसाळ्यात ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नाही, कारण तो डेंगू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कपाटातली अंगदुखीची गोळी मी वेगळ्या डब्यात टाकून वर "तापाला नाही" अशी चिठ्ठी चिकटवली. (आईंची रोजची कुठली गोळी अ‍ॅस्पिरिन नाही ना, तेही विचारून घेतलं. ज्यांना हृदयासाठी ती लिहून दिलेली असते त्यांनी आपल्या मनानं बंद करायची नसते, असं त्या म्हणाल्या.)

निळ्या डब्यात ठेवलं: पॅरासिटामॉल, ओआरएसची दहा पाकिटं, खाजेची गोळी, पोव्हिडोन आयोडीन, गॉज, चिकटपट्टी, कात्री, थर्मामीटर, ऑक्सिमीटर (2021 चा, सेल बदलला), ग्लुकोमीटरच्या पन्नास पट्ट्या. पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी राहिली की आकडा चुकतो, म्हणून झाकणावर लाल रेघ मारली.

पाकीट नसलं तर: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून टाकायचं. हे मी डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवलं, कारण जुलाब लागलेल्या रात्री वही कोण शोधणार.

9 एप्रिल, गुढीपाडवा

गुढीच्या कडुनिंबाचे डहाळे काढून सावलीत पसरले, गव्हा-तांदळाच्या डब्यांसाठी. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात. तांदळाला बोरिक पावडर लावणं आम्ही यंदा बंद केलं, धुऊन जाते म्हणतात पण मुलांच्या ताटात ती नकोच.

संध्याकाळी शेजारी श्रीखंड द्यायला गेले तेव्हा विषय काढला. आजोबा 82, दमा. आजी 78, रक्तदाब. मुलगा पुण्यात.

आजी म्हणाल्या, "अगं, आता काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन आली की. आता कुठलं पाणी बंद पडतंय?"

"आजी, पाइपलाइन आली हे फार चांगलं झालं. नदीला पूर आला म्हणून पंप बुडायची भीती आता तेवढी नाही. पण तिथलेही पंप विजेवरच चालतात ना. लाइट गेली, कुठे पाइप फुटला, तर?"

आजोबा इतका वेळ पेपर वाचत होते. ते म्हणाले, "माझं ते वाफेचं मशीनपण लाइटीवरच आहे."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्यांचा नेब्युलायझर विजेवर चालतो. 2019 ला त्यांना दोन रात्री धाप लागली होती आणि वीज होती म्हणून निभावलं.

14 एप्रिल, रविवार

आजोबांना त्यांच्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी दम्याच्या पंपाबरोबर (इनहेलर) स्पेसर लिहून दिला. तो प्लास्टिकचा पोकळ फुगीर डबा, एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकानं श्वास घ्यायचा. थरथरत्या हातांना दाबणं आणि श्वास घेणं एका क्षणी जमत नाही, स्पेसरमुळे ती अडचण राहत नाही. वीज लागत नाही. किती वेळा, किती अंतरानं, ते डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलं. कार्डाच्या मागे 108 कधी लावायचा तेही: एक वाक्य एका दमात पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंप घेऊनही उतार नसेल. कार्ड त्यांच्या पलंगाच्या उशाशी दोऱ्यानं बांधलं. एक प्रत आमच्या फ्रिजवर.

फ्रिजवरची यादी: 108 रुग्णवाहिका, 112, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, दोन्ही डॉक्टर, पुण्याचा मुलगा. मोबाइल बंद पडला तर नंबर कुणाला पाठ असतात?

21 एप्रिल, रविवार

वाळवण सुरू. सांडगे, कुरडया, ज्वारीचे पापड, सांडगी मिरची. आईंनी पलंगावर बसून प्रमाण सांगितलं, थोरलीनं गच्चीवर पहारा दिला. कांदा-लसूण चटणी पुढच्या आठवड्यात, मिरचीचा भाव बघून.

गच्चीवर दुसरंही एक काम केलं. वीज गेली तर इन्सुलिन कुठे ठेवायचं? न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत. उघडलेलं साध्या तापमानात साधारण 28 दिवस चालतं, पण घर 30 अंशांच्या वर तापलं तर नाही. म्हणून कुंभारगल्लीतून दोन गाडगी आणली, एक मोठं एक लहान. मोठ्यात ओली वाळू, त्यात लहान रोवलं, लहानाच्या आत प्लास्टिकच्या घट्ट डबीत थर्मामीटर, वर ओलं फडकं. खोलीत दुपारी दोनला 35. गाडग्यात चारला 26. वाळूला दिवसातून दोनदा पाणी घालावं लागलं.

पावसाळ्यात हवाच ओली असते, बाष्प उडत नाही, तेव्हा गाडगं एवढं गार होणार नाही. पण आपल्याकडे जुलैत घरात मुळातच 25-26 असतं. म्हणजे ही युक्ती एप्रिल-मेच्या लाइट जाण्यासाठी, आणि जुलैत नुसतं अंधारातलं थंड फडताळ पुरे. दोन्ही लिहून ठेवलं, कारण बर्फाच्या पिशवीत इन्सुलिन ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ते गोठलं की वाया गेलं.

5 मे, रविवार

शनिवार सकाळी सातपासून आज सकाळी सातपर्यंत तालीम केली. मुख्य नळ बंद, मेन स्विच बंद, दुकान बंद, दूधवाल्याला नको सांगितलं. आईंचं इन्सुलिन आधीच गाडग्यात ठेवलं. फ्रिज बंद करायचा नाही असं हे म्हणत होते, मी ऐकलं नाही. न बघता कसं कळणार?

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पाणी: नवीन आणलेल्या निळ्या पिंपाचा खालचा नळ गळायला लागला. बूच न बदलताच आणलं होतं. रात्रीतून चार-पाच लिटर गेलं. कमोडला बादली हा नियम दुपारपर्यंत सगळ्यांनी पाळला, संध्याकाळी धाकट्यानं सवयीनं टाकी ओढली आणि स्वतःच कपाळाला हात लावला. मी कमोडच्या टाकीचा बारका नळ बंद करून टाकला, आता कुणी ओढलं तरी एकदाच ओतते. एकूण त्र्याऐंशी लिटर लागलं. ठरवलं होतं पंचाहत्तर. आंघोळ एका बादलीत दोघं, म्हणजे अंग पुसणंच.

गॅस: एक टाकी चालू, एक भरलेली. चालू टाकीत किती उरलंय ते बघायला ओलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवलं. रिकामा भाग लगेच वाळला, गॅस असलेला भाग ओला राहिला, मधे स्पष्ट रेघ दिसली, तळापासून एक वीत. धाकटा दोन वेळा फडकं फिरवून बघत होता. दुसऱ्या टाकीच्या पट्टीवर तपासणीची मुदत वाचली: बी-26, म्हणजे 2026 मधली एप्रिल ते जून. ठीक.

जेवण: सकाळी पोहे, दुपारी भात-आमटी-सांडग्यांची भाजी, रात्री... इथे अडलं. ज्वारी पंधरा किलो घरात, पीठ डब्यात एका दिवसाचं. 2019 ला हेच झालं होतं. गिरणीला लाइट नसली की धान्य असून भाकरी नाही. आणि ज्वारीचं पीठ महिनाभराचं दळून ठेवता येत नाही, पंधरा दिवसांत कडवट होतं, थापताना चिरतं.

आई म्हणाल्या, "भाकरीच कशाला पाहिजे? कण्या करा की." त्यांच्या लहानपणी ज्वारी भरडून कण्या शिजवायचे, ताकाबरोबर. वाड्यातलं जातं गच्चीवर तुळशीखाली पालथं पडलं होतं. आम्ही ते उचलून आणलं, खुंटा हललेला, त्यात कापडाची पाचर मारली. आईंनी एकदा हात लावून दाखवला, मूठ किती घालायची, फिरवताना वरचा दगड किती उचलायचा. थोरलीनं अर्धा किलो भरडलं. तासभर लागला आणि तिचे तळवे लाल झाले. कण्या रात्री दह्याबरोबर, वर लसणाची फोडणी. पोटभर झालं सगळ्यांचं. आईंनी दोनदा घेतलं.

इन्सुलिन: गाडग्यात रात्रभर 25.

12 मे, रविवार

आज वाईट झालं. नवीन काडतूस काढायला फ्रिज उघडला तर पेटी मागच्या पत्र्याला टेकलेली. तालमीनंतर फ्रिज आवरताना मीच आत ढकलली होती. काडतूस उजेडात धरलं. एरवी हलवलं की दुधासारखं एकसारखं होतं. यात बारीक दाणे तरंगत होते आणि काचेला आतून पांढरा थर धरला होता. गोठून परत वितळलेलं. पाचही काडतुसं टाकली. पैसे तर गेलेच, पण पुराच्या आठवड्यात हे झालं असतं तर?

आता इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या फळीवर, स्टीलच्या डब्यात, चारी बाजूंना हवा राहील असं. दारात नाही, कारण दार सारखं उघडतं. डब्यावर आईंनी स्वतः लिहिलं: "हलवू नये."

आणि सगळा साठा एका जागी नको. दोन काडतुसं आजींच्या फ्रिजमध्ये ठेवली. आजोबांचा जास्तीचा पंप आमच्या कपाटात.

19 मे, रविवार

पिठाचं ठरलं: ज्वारीचं पीठ दर शनिवारी दळायचं, डब्यात कायम दहा दिवसांचं. रवा, पोहे, भाजणी, मेतकूट, भडंगाचे चुरमुरे घट्ट डब्यांत. दुधासाठी पावडरीचं अर्धा किलोचं पाकीट, आईंच्या चहासाठी आणि आजोबांच्या रात्रीच्या पेल्यासाठी. डबे लावताना जुनं पुढं, नवं मागं. पिंपाचं बूच बदललं, नळाला टेफ्लॉन पट्टी गुंडाळली. आता थेंब नाही. दहा दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही हेही पक्कं ठरवलं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री ज्यांनी पोती उचलली त्यांच्यामुळे रोजच्या रोज आणणाऱ्यांना सकाळी पीठ मिळालं नाही. आपण वर्षभर थोडं थोडं भरलं तर त्या रात्री दुकानात आपल्याला जावंच लागत नाही आणि तिथलं दुसऱ्याला उरतं. मला या सगळ्या कामात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

8 जून, शनिवार

मृग लागला. दुपारी वळीव पडून गेला, रात्री खरा पाऊस. गच्चीच्या पाइपला तोटी बसवून घेतली होती. पहिलं पाणी सोडून दिलं, त्यात गच्चीवरची धूळ, पक्ष्यांची घाण, सगळं येतं. मग पिंप लावलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्या पाइपला येणारा गच्चीचा तुकडा साधारण वीस चौरस मीटरचा. तीस मिलिमीटर पडला तर सहाशे लिटर! दोनशेचं पिंप वीस-पंचवीस मिनिटांत काठोकाठ भरलं. हे पाणी संडासाला, फरशीला, भांड्यांच्या पहिल्या हाताला. पिण्याचा नळाचा साठा त्यामुळे वाचतो. 2019 ला आठ दिवस हेच पाणी आमच्या डोळ्यांसमोरून गटारात गेलं.

गढूळ नळाच्या पाण्यासाठी ठरलेला क्रम: तुरटी फिरवून दोन तास निवळू द्यायचं, वरचं पाणी चारपदरी फडक्यातून गाळायचं, मग उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्यायचं. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. हे मी आजींना तीन वेळा सांगितलं कारण त्यांच्याकडे पूर्वीपासून तुरटीवरच भागवायचे. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलंय तेवढेच, आणि अर्धा तास झाकून.

22 जून, शनिवार

पावसाच्या पिंपात अळ्या. झाकण होतं, पण पाइप आत जातो तिथे दोन बोटं फट राहिली होती. पाणी हलवलं की त्या वळवळत खाली जातात, थोड्या वेळानं श्वासाला वर येतात. धाकट्यानं बॅटरीच्या उजेडात दाखवल्या.

साठवलेलं पाणी म्हणजे डेंगूच्या डासाचं घर. एक तयारी करताना दुसरं आजारपण घरात आणणं बरं नव्हे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून कडा घासायच्या. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं ओतून जात नाहीत. बुधवार हा कोरडा दिवस ठरवला, दोन्ही घरांचा. पिंप, कूलरची टाकी, फ्रिजमागचं ताट, कुंड्यांखालच्या बशा. फटीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधला.

17 जुलै, आषाढी एकादशी

सगळ्यांचा उपास, आईंचा नाही. त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं आणि विठ्ठलाला हात जोडून दोन भाकऱ्या खाल्ल्या. साठा तपासला. दोन पॉवर बँक भरल्या, एक मागच्या बाजूनं फुगलेली दिसली, ती बाजूला काढली. मेणबत्त्यांऐवजी बॅटऱ्या, कारण आजोबांच्या खोलीत धूर नको.

26 जुलै, शुक्रवार

पंचगंगा 43 फुटांच्या वर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, एकेका दरवाजातून 1428 क्युसेक. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन निघालीत. आमच्याकडे पाणी येणार नाही. संध्याकाळी सहाला वीज गेली. दूध आलं नाही.

रात्री दीडला आजींचा फोन. गेले तर आजोबा खिडकीत उभे, दोन्ही हात कठड्यावर, खांदे वर-खाली. मी कार्ड वाचलं. आजींनी स्पेसर धरला, मी पंप हलवून दाबला, कार्डावर लिहिलंय तितके श्वास मोजले, थांबलो, परत. मध्ये मी त्यांना मुद्दाम विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

पहिल्या वेळी नुसतं "शु..." एवढंच आलं.

वीस मिनिटांनी ते पलंगावर बसले आणि म्हणाले, "शुक्रवार नव्हे. बारा वाजून गेले. शनिवार लागला."

आजींना रडू आलं. मी ऑक्सिमीटर लावला, 94. पहाटे चारला 96. सकाळी डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी दोन दिवसांसाठी औषध वाढवून दिलं. ते औषध आमच्या कपाटातल्या त्यांच्या डब्यात होतं.

28 जुलै, रविवार

वीज काल दुपारी आली. एकूण वीस तास. इन्सुलिन फडताळात होतं, तापमान 25, आईंची साखर सकाळी 142. पावसाचं पिंप दोनदा भरलं आणि संपलं, नळाच्या साठ्याला हात लावावा लागला नाही. दूध पावडरीचा चहा हे आवडीनं प्यायले नाहीत, पण प्यायले. खालच्या गल्लीतल्या एका बाईंना ओआरएसची चार पाकिटं दिली, त्यांच्या लेकाला जुलाब लागले होते. प्रमाण लिहिलेला कागदही दिला.

9 ऑगस्ट, नागपंचमी

वापरलं ते भरून काढलं: ओआरएस चार, दूध पावडर एक, आजोबांचा पंप एक, क्लोरीनची बाटली एक. स्पेसर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन आपोआप वाळू दिला, फडक्यानं पुसलं की आत औषध चिकटून राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जात्याला टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीनं दगड परत खरबरीत करून देणारा माणूस शोधायचा आहे. दगड गुळगुळीत झालाय, कण्या एकसारख्या पडत नाहीत. आईंच्या माहितीतला एक जण गंगावेशीत असायचा, उद्या हे बघून येणार.

दुपारी आईंनी नवीन काडतूस पेनात घातलं. चिकटपट्टीचा तुकडा पेनावर लावून त्यांनी चष्मा वर करून लिहिलं: "उघडलं 9 ऑगस्ट. 6 सप्टेंबरला टाकणे."